पेटीवाला साहेब

अठरा वर्षं घसा फोडून राहीबाईला जे जमलं नव्हतं ते कुणा परक्या माणसानं सहा-सात महिन्यांत करून दाखवलं होतं, आणि तेच तिला पचत नव्हतं.

गोरक्ष तिचा दोन लेकींच्या पाठीवरचा मुलगा. गोरक्षनाथाच्या गडाला अनवाणी जाऊन मागून घेतलेला, म्हणून नावही तेच. नवसाचं पोर, त्यामुळं लाडाला पारावार नव्हता. उन्हं तोंडावर आली तरी हा गोधडीत. जेवला की ताट जागेवर. सदरा काढला की जिथं गळून पडेल तिथं. राहीबाई दिवसभर ओरडायची आणि ओरडता ओरडताच ताट उचलायची, सदरा झटकून खुंटीला लावायची. त्या ओरडण्याला धार अशी नव्हतीच. आपल्यावाचून पोराचं पान हलत नाही, हे तिला आतून साखरेसारखं गोड लागायचं.

सुप्याहून पारनेरकडे जाताना रस्त्यापासून आत त्यांची वस्ती. बाजरी-हुलग्याचं कोरडवाहू रान, चार जनावरं, आणि नवरा सूर्यभान, जो बोलण्यापेक्षा ऐकून घेण्यातच समाधानी असायचा. गोरक्ष पारनेरला मॅट्रिक झाला, आणि त्याच सुमाराला नगरला नेव्हीची भरती निघाली. मास्तरांचा शामकांत चालला म्हणून हा सोबतीला गेला, आणि दोघांचीही निवड झाली. ज्यानं विहिरीपलीकडं पाणी पाहिलं नव्हतं तो पोरगा विशाखापट्टणमच्या ट्रेनिंग सेंटरात जाऊन पडला. राहीबाईच्या तोंडात ते नाव कधी बसलं नाही. ती म्हणायची 'इशाकपट्टण'.

"आठ दिसांत येतोय बगा माघारी," ती नवऱ्याला म्हणाली होती. "त्येला आंगुळीचं पानी कोन काडून देनार तितं?"

गोरक्ष आला तो थेट पुढच्या मे महिन्यात, रजेवर. साल सत्तर. अंगात पांढरा शुभ्र पोशाख, केस बारीक, छाती पुढं. राहीबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, गालावरनं हात फिरवला, आणि रात्री अंथरूण घालून दिलं. तिथवर सगळं ठीक होतं.

सकाळी चूल पेटवायला ती उठली तर गोरक्षाचं अंथरूण जागेवर नव्हतं. गोधडीची चौकोनी घडी भिंतीला लागून, कोपऱ्याला कोपरा मिळवून ठेवलेली. पोरगा अंघोळ करून ओट्यावर बसून बुटाला ब्रश मारत होता.

"उठलीस, आई?" त्यानं विचारलं.

उठलीस! हा प्रश्न ह्या घरात आजवर एकाच दिशेनं जात आला होता.

"येवड्या लवकर का रं उटलास?"

"सवय झाली. तितं बिगूल वाजतो. लोळत पडलं तर पिल्लै साहेब गादीसकट खाली वढत्यात."

"कोन पिल्लै?"

"आमचे पेटी ऑफिसर. आमच्या तुकडीला शिकवायला तेच हायेत."

"म्हंजी पेट्या सांबाळतो व्हय?"

गोरक्ष खदखदून हसला. "न्हाई गं, हुद्दा हाय त्यो."

हुद्दा असो नाहीतर आणखी काही, राहीबाईच्या लेखी त्या दिवसापासून तो 'पेटीवाला' झाला. चुलीपुढं बसून ती स्वतःशीच पुटपुटली, "नाव पिल्लै, आन् माजंच पिल्लू पळवलं."

संध्याकाळी वस्तीवरची माणसं ओट्यावर जमली. गोरक्ष सांगत होता आणि सूर्यभान तंबाखू मळायची विसरून ऐकत होता. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे केस कापले, तेव्हा काही पोरं रडली. मग कवायत, बंदूक खांद्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या. पोहणं. दोराच्या नाना तऱ्हेच्या गाठी. दर आठवड्याला सगळे कपडे खाटेवर मांडून दाखवायचे. प्रत्येक घडी सारख्याच रुंदीची पाहिजे, नाहीतर साहेब सगळं जमिनीवर उधळून पुन्हा लावायला सांगतात. आणि वल्हवायची होडी. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या तळहातांना फोड आले.

"साहेबांनी एकेकाला बोलवून औषध लावलं. म्हनले, आता घट्टे पडतील. घट्टे पडले की हात नेव्हीचा झाला."

गोरक्षानं हात पुढं केला. सगळ्यांनी वाकून पाहिला. राहीबाई दाराआडून बघत होती. तिला वाटलं, वाढवलेला मी, आणि हात म्हणं नेव्हीचा!

"आजारीबिजारी पडला न्हाईस न्हवं?" सूर्यभाननं विचारलं.

"पयल्या म्हैन्यात ताप आल्ता. साहेब दोनदा येऊन बघून गेले."

राहीबाई दारातून बाहेरच आली. "ताप आल्ता? मला का न्हाई कळवलंस?"

"साहेब म्हनले, आई काळजी करील. बरा झालास की मग कळव. बरा झालो, आन् मग राहूनच गेलं."

ती आत जाऊन उगाचच भांडी हलवत बसली. पोराला ताप आलेला ज्या आईला ठाऊक नाही, तिनं कशाला आई म्हणवून घ्यायचं? आणि कुणी ठरवलं हे? तर त्या पेटीवाल्यानं.

त्यानंतर एक दिवस असा गेला नाही की त्या माणसाचं नाव घरात निघालं नाही. पोरगा दोडक्याची भाजी निमूट खायचा, कारण पानात टाकायचं नाही असं साहेब म्हणतात. राहीबाईनं हुलग्याची शेंगोळी केली, त्याची जीव की प्राण. त्यानं ती चार घासांत संपवली, आणि तिनं 'आनखी वाडू का' म्हणेस्तोवर ताट घासूनही ठेवलं. तिचे हात रिकामे राहिले. घरात मूल असून रिकामे हात, हे तिला नवीन होतं.

एकदा बाभळीच्या काट्यात अडकून गोरक्षाचा सदरा फाटला. राहीबाई लगबगीनं सुई-दोरा शोधायला उठली. सापडून परत येते तर गोरक्षानं आपल्या पिशवीतला दोरा काढून टाके घालायला सुरुवातही केली होती. शेजारची दगडाबाई ताक न्यायला आली होती. तिनं सदरा हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"बाई, बाई! काय टीप हाय! राहीबाई, तुज्या हातचीसुदा आशी येत न्हाई."

"कपड्यांवर नाव बी आमीच शिवतो," गोरक्ष म्हणाला. "पिल्लै साहेबांनी शिकवलं."

"काय वळन लावलंय गं त्या साहेबानं! आठ दिस आमच्या म्हाताऱ्याला धाडू का त्येच्याकडं?" दगडाबाई हसत हसत ताक घेऊन गेली.

राहीबाईला ते हसणं मिरचीसारखं झोंबलं. वळण लावलं म्हणे! मग आजवर काय बिनवळणाचं होतं पोर? त्या रागात तिनं शिवलेला सदरा धुवायला घेतला आणि दगडावर असा आपटला की एक टाका तरी उसवावा. उसवला नाही.

रजा संपत आली. दोन दिवसांवर जाणं आलं तेव्हा गोरक्ष चुलीपाशी येऊन बसला, लहानपणी काही हवं असलं की बसायचा तसा. राहीबाईचं मन लगेच विरघळलं.

"काय पायजे रं माज्या राजाला?"

"शेंगदान्याचे लाडू करून देशील? गुळाचे?"

"आरं, त्यात काय! डबा भरून देते."

"मोठा डबा दे. साहेबांना द्यायचेत. मी त्यांना सांगून आलोय, माज्या आईसारखे लाडू कुनाच्या हातचे न्हाईत म्हनून."

राहीबाईनं शेंगदाणे भाजायला घेतले. कढईत हात फिरवता फिरवता तिच्या डोक्यात काहीतरी फिरत गेलं. माझ्या हातचं आता मीच त्या माणसाच्या तोंडात घालायचं. पोर त्याचं, हात त्याचे, झोपणं-उठणं त्याच्या हुकमानं, आणि लाडूसुद्धा त्यालाच. शेंगदाणे करपले तरी तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाडू वळायचे तर राहीबाई अंथरुणावर. पोटात दुखतंय म्हणाली. पोटात दुखत होतं हे तसं अगदीच खोटं नव्हतं. कशानं दुखत होतं तेवढंच तिनं सांगितलं नाही.

निघायचा दिवस उजाडला. गोरक्षाला सकाळच्या एस.टी.नं सुप्याहून नगर, तिथून रेल्वेनं दौंड आणि पुढं विशाखापट्टणमची गाडी धरायची होती. ट्रंक भरून दारात ठेवलेली. राहीबाईनं भिंतीकडं तोंड करून कण्हायला सुरुवात केली. सूर्यभान घाबराघुबरा होऊन वैद्याला आणायला पळाला. गोरक्ष कधी आत, कधी बाहेर. एकदा आईच्या पायाशी, एकदा ट्रंकेपाशी.

"आई, लई दुखतंय का?"

"जा रं बाबा तू. तुजा साहेब वाट बगत आसंल."

हे तिनं मुद्दाम म्हटलं, आणि श्वास रोखून ती वाट बघत राहिली. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग रस्त्यावरनं एस.टी. गेल्याचा आवाज आला. मग गोरक्ष आत येऊन पायाशी बसला आणि तळपाय चोळू लागला. त्याच्या हाताचे घट्टे तिच्या टाचांना लागत होते. राहीबाईच्या मनात दिवाळी झाली. मनातल्या मनात ती म्हणाली, पेटीवाल्या, बघ. कुणाचं पोर आहे ते बघ.

तिनं ते दुखणं आणखी दोन दिवस पुरवलं. मग ती बरी झाली, आणि गोरक्ष गेला. जाताना पाया पडला. लाडवांचं नाव त्यानंही काढलं नाही, तिनंही नाही.

पाऊसकाळ गेला. बाजरीची खळी झाली. दिवाळीच्या पुढंमागं एक दिवस पारनेरहून शामकांत आला. मास्तरांचा मुलगा, गोरक्षाच्याच तुकडीतला. ट्रेनिंग पुरं करून बाहीवर बिल्ला लावून आला होता. रजा संपली की जहाजावर जायचा होता. राहीबाईनं त्याच्या मागं पाहिलं.

"आन् गोरक्ष?"

शामकांतचा चेहरा पडला. "काकू, तुम्हाला त्यानं कळवलं नाही? तो उशिरा हजर झाला ना उन्हाळ्यात. त्याला मागच्या तुकडीत टाकलं. आमची सगळी तुकडी पास होऊन गेली, तो एकटा राहिला. शिक्षाही झाली. भर दुपारी बंदूक डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या."

"आरं पर त्येची आई आजारी हुती! येवडं त्या साहेबाला कळत न्हाई?"

"तेच तर. पिल्लै साहेबांनी आमच्यासमोर विचारलं, घरी कुणी आजारी होतं का? होतं म्हणाला असता तर सुटला असता. पण हा म्हणाला, नाही. झोप लागली, गाडी चुकली. साहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, हा तेच म्हणत राहिला."

राहीबाईनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि चुलीपाशी बसली. शामकांत चहा पिऊन गेला तरी ती तिथंच होती. पोरगा 'नाही' म्हणाला. घरी कुणी आजारी नव्हतं म्हणाला. म्हणजे त्याला ठाऊक होतं. पाय चोळत बसला होता तेव्हाही ठाऊक होतं.

संध्याकाळी ती सूर्यभानला म्हणाली, "आवं, मला इशाकपट्टणला न्या."

"आगं, कुटं हाय ते तरी ठावं हाय का?"

"पोरगं गेलं न्हवं? मग आपुनबी जाऊ."

सूर्यभाननं पोराची ओढ लागली असेल असं समजून होकार दिला. गाड्या बदलत, स्टेशनांवर बोचकी उशाला घेत, खुणांनी पाणी मागत नवरा-बायको एकदाची पोहोचली. सेंटरच्या फाटकाकडं जाताना उजव्या हाताला अख्खा समुद्र पसरला होता. सूर्यभान थबकला. राहीबाईनं तिकडं मान वळवली नाही. प्रवासभर ती एकच गोष्ट घोकत आली होती, की साहेबापुढं हात जोडायचे आणि म्हणायचं, चूक माझी, पोराला माफ करा.

फाटकावरच्या शिपायाला सूर्यभाननं नाव सांगितलं, गोरक्ष सूर्यभान औटी. त्यानं दोघांना भेटायच्या खोलीत बाकावर बसवलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं, आणि आत आला तो गोरक्ष नव्हे. काळासावळा, कानाजवळ पिकलेला, कडक इस्त्रीतला एक माणूस. आणि माणूस तरी केवढा! राहीबाईच्या खांद्याला जेमतेम लागेल. इतके दिवस ती ज्याच्याशी मनात भांडत होती तो चांगला दरवाजाएवढा उंच होता. एवढ्याशा माणसानं आपल्याला रडवलं, याचाच तिला संताप आला.

"औटीचे आई-वडील? बसा, बसा. मी पिल्लै. मुंबईला खूप वर्षं होतो, मराठी थोडा थोडा येतो. औटी होडीवर गेला. येईल."

राहीबाईनं हात जोडले, आणि घोकलेलं सोडून भलतंच तोंडातून गेलं. "सायेब, तुमी माज्या पोराला लई छळलं."

"आगं..." सूर्यभान दचकला.

पिल्लै साहेब मात्र शांत होता. "हो. उशीर झाला, शिक्षा झाला. नियम आहे."

"चूक त्येची न्हवती. मी आजारी हुते." एवढं बोलून ती थांबली. "न्हवते. आजारी न्हवते. सोंग केल्तं मी. त्येनं तुमच्याकडं येऊ ने म्हनून."

"सोंग?" सूर्यभान बाकावरून अर्धा उठला. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही.

साहेब थोडा वेळ आपल्या टोपीकडं बघत राहिला. "मला वाटला होता, मुलगा खोटं बोलतो," तो हळू म्हणाला. "माझ्यापुढं कुणाचा खोटं टिकत नाही. खूप मुलगे पाहिले. ह्याला उन्हात उभा केला, परत विचारला. बोलतो, झोपलो होतो. हा मुलगा झोपत नाही, मला माहीत आहे. म्हणून मला जास्त राग आला. ह्याच्यासाठी मी एवढा केला, आणि माझ्याशी खोटं? कुणासाठी?" त्यानं राहीबाईकडं पाहिलं. "आता समजला, कुणासाठी."

त्या शेवटच्या शब्दांतला सूर राहीबाईनं तत्काळ ओळखला. मे महिन्यापासून ती त्याच सुरात जगत होती. क्षणभर तिला आतून गुदगुल्या झाल्या: जळतोय हा, माझ्यावर जळतोय! पण त्या गुदगुल्या टिकल्या नाहीत. पोरानं डोक्यावर बंदूक धरून त्यांची किंमत भरली होती.

"मग आता त्येला पुडच्या पोरांत घाला, सायेब."

"ती तुकडी गेली. नाही होत. नव्या तुकडीबरोबर पास होईल. चांगला पास होईल." तो उठला. "तुम्ही आता बोलला ते मी कुणाला सांगणार नाही. त्याला पण नाही."

दारापाशी जाऊन तो थांबला. राहीबाईनं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तुमाला लेकरं?"

"एक मुलगा. गावाला, मामाकडं. मामा सांगेल तसा करतो." एवढं बोलून त्यानं टोपी नीट केली.

तेवढ्यात गोरक्ष धावत आला. अंग घामानं आणि खाऱ्या पाण्यानं चिकट, आणखी काळवंडलेला. आईला पाहून तोंडभर हसू आलं, पण तो आधी साहेबापुढं ताठ उभा राहिला, साहेबानं मान हलवल्यावरच तिच्याकडं वळला. राहीबाईच्या काळजात पुन्हा ती जुनी ठिणगी पडली. सगळं कळूनसुद्धा पडली.

साहेब गेला. सूर्यभान पोराच्या पाठीवरून हात फिरवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"तुला ठावं हुतं?" राहीबाईनं विचारलं.

गोरक्षानं खाली पाहिलं. "दादा वैद्याला आनायला गेलं, तवा मी पानी प्यायला आत आलो. तू दुरडीतली भाकरी खात हुतीस." त्याला हसू आवरेना. "ठेच्याबरूबर."

"मग गेला का न्हाईस रं तवाच? एस.टी. मिळाली आसती."

"तू येवडं केलंस मला थांबवायला. पाय निघंना."

"आन् हितं का न्हाई सांगितलंस आई आजारी हुती म्हनून?"

"नसताना तू आजारी हायेस म्हनायचं? कसंतरीच वाटलं. आभद्र." तो जरा थांबला. "आन् खरं तरी कसं सांगू? साहेबांच्या मनात तू लई मोठी हायेस. मी हितं उठता बसता, आई आसं करती, आई तसं म्हनती. एकदा तर वैतागून म्हनले, औटी, तुज्या आईलाच शिकवायला बोलवतो."

राहीबाई हसली की रडली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं त्याचा हात हातात घेतला. घट्टे आणखी कडक झाले होते. ती त्यांवरून बोट फिरवत बसली, आणि मग त्यानं तिला पुढच्या परीक्षेचं, होडीच्या शर्यतीचं, जहाजाचं सगळं सांगितलं. त्यातल्या निम्म्या गोष्टी तिला कळल्या नाहीत, पण या वेळी तिनं एकदाही मधे तोडलं नाही.

बाहेर बिगूल वाजला. गोरक्ष ताडकन उभा राहिला, दारापर्यंत गेला, आणि मागं वळला.

"आई, जाऊ?"

हे विचारायची त्याला गरज नव्हती. तिकडं मैदानात पोरं ओळीत उभी राहायला लागली होती, आणि आणखी थोडा उशीर झाला तर पुन्हा उन्हात उभं राहावं लागलं असतं. तरी तो दारात उभा होता. तिनं मान हलवेपर्यंत तो हलणार नाही, हे राहीबाईला स्वच्छ दिसलं. ते बघायला तिला फार बरं वाटत होतं.

"पळ," ती म्हणाली. "पळ लवकर."

तो पळाला.

स्टेशनकडं परत जाताना सूर्यभाननं बोचकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "सोंग हुतं व्हय? त्या दिशी वैद्य चालंना, त्येला खांद्यावर घेऊन यायचंच बाकी राहिलं हुतं."

"चुकलं माजं."

आणखी थोडं चालल्यावर त्यानं विचारलं, "सायेब कसा वाटला?"

राहीबाईनं पदर डोक्यावर सारखा केला.

"मानूस बरा हाय," ती म्हणाली. आणि चार पावलं गेल्यावर, "पर लई बरा न्हाई."